बंद पडलेला संगणक आणि पेढीचा हिशेब

पेढीवर सकाळी दिवाबत्ती झाली की पूर्वी रोजकीर्द उघडली जात असे. आता संगणकाचे बटण दाबले जाते. बिले, मालसाठा, उधारी, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार हे सारे त्या एका पेटीच्या आधारे चालते. एखाद्या महिन्याच्या १९ तारखेस बटण दाबावे आणि पेटीने हूं की चूं करू नये, असा प्रसंग आला की साऱ्या पेढीचा जीव टांगणीला लागतो. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी भरावयाचे असते, दारात गिऱ्हाईक उभे असते आणि वर्षानुवर्षांची उधारी त्या मुक्या पेटीत अडकलेली असते.

अशा वेळी बिघाडापेक्षा घाई अधिक महाग पडते. कोणी बटण दहा वेळा दाबतो, कोणी पेटीवर थाप मारतो, कोणी समोर येईल त्या कारागिराच्या हाती यंत्र सोपवतो. संध्याकाळी यंत्र चालू होऊन परत येते खरे, पण नव्याने विंडोज घालताना डिस्क पुसली गेलेली असते. पाचशे-हजारांच्या वस्तूसाठी लाखोंच्या येण्याची नोंद गमावण्याचा हा व्यवहार कोणत्याही व्यापाऱ्यास परवडणारा नाही. म्हणून बंद संगणकाकडे कसे पाहावे, कोणत्या क्रमाने तपासावे आणि कोठे थांबावे, हे पेढीवरील निदान एका माणसास तरी ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. क्रम पाळण्याची सवय पुरेशी आहे.

हिशेब नेमका कोठे असतो?

ज्या उभ्या पेटीला बाजारात सर्रास ‘सीपीयू’ म्हटले जाते, ती वस्तुतः अनेक भागांची कोठी आहे. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज प्रथम एसएमपीएस नावाच्या भागात शिरते. तो भाग तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. हा प्रवाह मदरबोर्ड या मुख्य फळीस मिळतो. त्या फळीवर आकडेमोड करणारा प्रोसेसर आणि तात्पुरती स्मृती सांभाळणारी रॅमची पट्टी बसवलेली असते. रॅममधील मजकूर वीज जाताच नाहीसा होतो. कायमचा मजकूर, म्हणजे टॅलीची माहिती, बिले, पत्रे, छायाचित्रे, हा हार्ड डिस्क किंवा एसएसडी या स्वतंत्र भागात साठवलेला असतो.

या रचनेतून एक मोठा दिलासा मिळतो. एसएमपीएस जळाला, रॅम सैल झाली, मदरबोर्ड निकामी झाला किंवा मॉनिटर काळा पडला, तरी डिस्कवरील हिशेब बहुधा जसाच्या तसा असतो. दुकानाचे शटर अडकले म्हणून तिजोरीतील रोकड जात नाही, तसाच हा प्रकार आहे. ‘बहुधा’ हा शब्द मात्र जाणीवपूर्वक वापरावा लागतो. कारण विजेचा जोरदार झटका एसएमपीएस ओलांडून पुढे गेला, तर डिस्कलाही इजा होऊ शकते.

आधी लक्षण, मग शोध

तेरीज जुळली नाही तर जाणता मुनीम खतावणीच्या पहिल्या पानापासून सुरुवात करीत नाही. आधी तो फरकाची रक्कम पाहतो. तिला २ ने भाग जात असेल, तर निम्मी रक्कम चुकीच्या बाजूस मांडली गेली काय, हे शोधतो. ९ ने भाग जात असेल, तर ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले काय, हे पाहतो. फरकच त्याला शोधाची दिशा सांगतो. बंद संगणकाचेही तसेच आहे. ‘संगणक चालत नाही’ एवढे म्हणणे म्हणजे ‘तेरीज जुळत नाही’ एवढेच म्हणणे होय. पुढचा प्रश्न असा की, तो कशा प्रकारे चालत नाही?

लक्षणे तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात बटण दाबल्यावर काहीच घडत नाही. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. हा विजेचा प्रश्न. दुसऱ्या प्रकारात दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण पडदा काळाच राहतो. हा चित्राचा किंवा रॅमचा प्रश्न. तिसऱ्या प्रकारात पडद्यावर कंपनीचे नाव उमटते, पण विंडोज पुढे सरकत नाही. तेथे वीज आणि पडदा दोन्ही ठीक असतात. शंका डिस्कवर किंवा विंडोजवर घ्यावी लागते आणि हिशेबाची प्रत हाती येईपर्यंत तेथे कोणताही प्रयोग करू नये. प्रस्तुत विवेचन मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांविषयी आहे.

शोधाचा एक नियम अखेरपर्यंत पाळावा. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा आणि वहीत एक ओळ लिहावी. चार गोष्टी एकदम हलवल्या आणि यंत्र सुरू झाले, तर दोष कशात होता हे कळत नाही. आणि तोच दोष महिन्याभराने पुन्हा उभा राहतो.

हात लावण्यापूर्वी

पेटी उघडण्यापूर्वी भिंतीतील बटण बंद करून तार ओढून काढावी. नंतर पेटीवरील बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत शिल्लक राहिलेली वीज बव्हंशी उतरते. पेटीच्या धातूच्या भागास हात लावून मगच आतील भागास स्पर्श करावा. अंगावरील स्थिर विद्युतभार नाजूक भागांना मारक ठरतो. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टपर्यंतचा दाब तार काढल्यानंतरही काही काळ राहू शकतो. यंत्र हमीच्या मुदतीत असेल आणि पेटीवर कंपनीचे सील असेल, तर ते तोडण्यापूर्वी हमीपत्र वाचावे.

काहीच घडत नसेल तर

शोधाची सुरुवात भिंतीपासून करावी आणि पेटीकडे यावे. ज्या सॉकेटमध्ये संगणक लावला आहे, त्यात फोनचा चार्जर किंवा टेबलावरील दिवा लावून पाहावा. त्यानंतर एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस तपासावा. छोट्या यूपीएसमध्ये सामान्यतः १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत ती थकते, आणि काही यूपीएस बॅटरी मेल्यावर भिंतीत वीज असूनही पुढे वीज देत नाहीत. म्हणून संगणक काही क्षणांपुरता थेट भिंतीतील सॉकेटला लावून पाहावा. तो सुरू झाला, तर दोष यूपीएसचा.

पुढची पायरी तारेची. पुष्कळ पेढ्यांवर मॉनिटरची आणि पेटीची वीजतार एकाच घडणीची असते. मॉनिटर चालत असेल, तर त्याची तार काढून पेटीला लावावी. ही अदलाबदल मिनिटभराची, बिनखर्चाची आणि निर्णायक असते. जुन्या घरांत आणि गोदामांत उंदीर तारा कुरतडतात. तेव्हा तार पूर्ण लांबीत नजरेखालून घालावी.

पेटीच्या मागे, तार बसते त्याच्या शेजारी, पुष्कळ एसएमपीएसना लहान खटका असतो. त्यावर एक उभी रेघ आणि एक वर्तुळ असे चिन्ह असते. रेघेची बाजू दाबलेली असेल तर चालू, वर्तुळाची दाबलेली असेल तर बंद. दिवाळीच्या साफसफाईनंतर दुसऱ्या दिवशी संगणक ‘बिघडतो’, त्याचे कारण अनेकदा हा खटका किंवा पुसताना सैल झालेली तार असते. काही जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे आकडे असलेली लाल सरकपट्टी असते. ती भारतात २३० वरच असली पाहिजे. ११५ वर सरकवून वीज दिल्यास एसएमपीएस तत्काळ जळतो. लहान मुलांचे हात तेथे पोचत असतील, तर पट्टीवर चिकटपट्टी लावून ठेवावी.

इतके करूनही पेटी निपचित असेल, तर आत डोकवावे. एसएमपीएस ठीक असेल, तर संगणक बंद असतानाही तो मदरबोर्डला ५ व्होल्टची जागती वीज देत असतो. अनेक मदरबोर्डवर तिची खूण म्हणून बारीकसा दिवा लावलेला असतो. तो दिवा लागला असेल आणि तरीही बटणास दाद मिळत नसेल, तर शंका एसएमपीएसवरून बटणाकडे वळते. रोज दाबून बटण झिजते, किंवा त्याच्या दोन बारीक तारा मदरबोर्डवरून सुटतात. जाणता कारागीर अशा वेळी ‘रीसेट’ बटणाच्या तारा मुख्य बटणाच्या जागी जोडतो आणि त्याच पेटीवर काम भागवतो. नवी पेटी घेण्याची गरज राहत नाही.

दिवाच नसेल, तर एसएमपीएस संशयित ठरतो. त्याची प्राथमिक चाचणी कारागीर मदरबोर्डपासून तो सुटा करून, हिरवी तार काळ्या तारेशी जोडून घेतो. हे काम घरी करू नये. शिवाय त्या चाचणीत पंखा फिरला, म्हणजे एसएमपीएस पूर्ण भार पेलेल असे सिद्ध होत नाही. चालू स्थितीतील दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हीच खरी परीक्षा. कारागिराने ती केली काय, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकास आहे.

बटण दाबताच पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर त्याचा अर्थ वेगळा. एसएमपीएस जिवंत आहे, पण पुढे कोठेतरी आखूड मंडल झाले असल्याने तो स्वतःचे रक्षण करून घेत आहे. पेटीत पडलेला सुटा स्क्रू, वाकलेली यूएसबी पिन किंवा मदरबोर्डवरील फुगलेला कपॅसिटर ही त्याची नेहमीची कारणे. कपॅसिटर म्हणजे छोट्या पिंपासारखे भाग. त्यांचा माथा सपाट असावा. तो फुगला असेल किंवा त्यातून तपकिरी द्रव पाझरला असेल, तर निदान डोळ्यांनीच होते. पेनड्राइव्ह, प्रिंटर, स्कॅनर अशी बाहेरची सर्व जोडणी काढून एकदा प्रयत्न करावा. तरीही तेच घडले, तर थांबावे. पुन्हा पुन्हा बटण दाबू नये.

पंखा फिरतो, पण पडदा काळा

या प्रकारात आधी मॉनिटरची साक्ष घ्यावी. मॉनिटर हे स्वतंत्र यंत्र आहे. त्याला स्वतःची वीज आणि स्वतःचा दिवा असतो. पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे क्षणभर जरी उमटली, तरी मॉनिटर जिवंत आहे आणि त्याला पेटीकडून चित्र मिळत नाही, एवढे निश्चित होते. मग तार दोन्ही टोकांस काढून घट्ट बसवावी. निळ्या टोकाच्या जुन्या व्हीजीए तारेत १५ पिना असतात. त्यांतील एखादी वाकली आहे काय, हे पाहावे. मॉनिटरवर एचडीएमआय आणि व्हीजीए असे दोन मार्ग असतील, तर त्याच्या बटणाने योग्य मार्ग निवडला आहे याची खात्री करावी. घरात लॅपटॉप असेल तर तो या मॉनिटरला, किंवा घरातील टीव्ही या पेटीला जोडून पाहावा. दोघांपैकी खोटे कोण, हे पाच मिनिटांत कळते.

एक चूक वारंवार होते. पेटीत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल, तर मॉनिटरची तार त्या कार्डालाच लावावी लागते. साफसफाईनंतर ती मदरबोर्डवरील छिद्रात लावली गेली, तर पडदा काळा राहू शकतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत चित्र देणारा भागच नसतो. तेथे कार्डाशिवाय गत्यंतर नाही.

पेटी खरोखर जागी आहे काय, हे पाहण्याची सोपी युक्ती कीबोर्डवर आहे. ‘नम लॉक’ किंवा ‘कॅप्स लॉक’ ही कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक आत काम करीत आहे आणि दोष फक्त चित्राच्या वाटेवर आहे. दिवा मख्ख राहिला, तर यंत्र सुरुवातीच्या तपासणीतच अडखळले असे समजावे.

अशा अडखळण्यात रॅमचा वाटा मोठा असतो. कापडाच्या दुकानातील तंतू, किराणा दुकानातील पीठ-मसाल्याची धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे रॅमच्या सोनेरी कडेवर मळ चढतो. तार काढून, वर सांगितलेली काळजी घेऊन, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडाव्यात आणि पट्टी सरळ वर उचलावी. सोनेरी कड मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासून त्याचा चुरा कोरड्या ब्रशने झटकावा आणि पट्टी खाचेत नीट जुळवून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवावी. पट्ट्या दोन असतील, तर एकेक लावून पाहावी. जागा दोन असतील, तर जागाही बदलून पाहाव्यात. मृत म्हणून टाकून दिले जाणारे कित्येक संगणक एवढ्यावर उठून बसतात.

काही मदरबोर्ड आपला दोष स्वतःच सांगतात. जुन्या यंत्रांत बारीक भोंग्यातून ‘बीप’ असे ध्वनी निघतात. त्यांची संख्या आणि लांबी यांचा अर्थ प्रत्येक कंपनीच्या बायोसप्रमाणे वेगळा असतो. म्हणून ध्वनी मोजून वहीत लिहावेत आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत. अनेक नव्या मदरबोर्डवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क यांचे चार बारीक दिवे असतात. ज्या पायरीवर दिवा अडून राहतो, तेथे दोष शोधावा.

नाण्याएवढी बॅटरी

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक गोल बॅटरी असते. तिच्यावर बहुधा सीआर २०३२ असे लिहिलेले असते. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी असा त्या आकड्याचा अर्थ. ही ३ व्होल्टची बॅटरी संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवते. ती उतरली की तारीख मागे जाते. मग बँकेचे आणि जीएसटीचे संकेतस्थळ सुरक्षिततेचे कारण सांगून उघडत नाही, आणि लक्ष नसेल तर बिलांवरही जुनीच तारीख पडते. संगणक रोज सकाळी चुकीची तारीख दाखवू लागला, तर तो या बॅटरीचा निरोप समजावा आणि ती बदलून घ्यावी. चुकीच्या मांडणीमुळे पडदा येत नसेल, तर तार काढून ही बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवल्याने मदरबोर्ड बहुधा मूळ मांडणीवर परततो, आणि तेवढ्यानेही कधी कधी काम होते.

यंत्र कारागिराच्या हाती देताना

घरातील तपासणीची मर्यादा येथे संपते. पुढील काम जाणकाराचे. पण यंत्र सोपवताना व्यापाऱ्याने हुंडी सोपवताना दाखवावी तेवढी दक्षता दाखवावी. शक्य असल्यास डिस्क काढून पेढीवरच ठेवावी. एसएमपीएस, रॅम किंवा मदरबोर्ड यांच्या प्राथमिक तपासणीस तिची गरज नसते. डिस्क द्यावीच लागली, तर पावतीवर तिचा क्रमांक आणि ‘मालकाच्या लेखी संमतीविना डिस्क फॉर्मॅट करू नये’ हे वाक्य लिहून घ्यावे. दुरुस्तीचा अंदाज लेखी मागावा आणि बदललेला जुना भाग परत मागावा.

हिशेब तातडीने हवा असेल, तर डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून त्यातील टॅलीची माहिती काढून घेता येते. मात्र विंडोज १० किंवा ११ मध्ये बिटलॉकर हे कुलूप चालू असेल, तर दुसऱ्या यंत्रावर ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागितला जातो. मदरबोर्ड बदलल्यावरही तो मागितला जाऊ शकतो. तो क्रमांक आधीच कागदावर लिहून तिजोरीत ठेवला नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही हिशेब हाती येत नाही. टॅलीचा परवानाही यंत्राशी बांधलेला असतो. नव्या यंत्रावर तो पुन्हा सुरू करण्यास परवान्याचा क्रमांक आणि नोंदवलेला ईमेल लागतो. डिस्कमधूनच ‘टक-टक’ असा ठोक्यांचा आवाज येत असेल, तर ती पुन्हा चालू करू नये. प्रत्येक प्रयत्नागणिक उरलेली माहितीही धोक्यात येते.

विवरणपत्राची तारीख

तारीख समोर असताना एक गोष्ट आठवावी. जीएसटीचे विवरणपत्र पेढीच्या संगणकात नसून शासनाच्या संकेतस्थळावर असते. ते कोणत्याही संगणकावरून भरता येते. एकल मालकीच्या किंवा भागीदारीच्या पेढीस नोंदवलेल्या फोनवर येणाऱ्या ओटीपीने ते प्रमाणित करता येते. कंपनीची डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असल्याने तीही दुसऱ्या यंत्रावर वापरता येते. जीएसटीआर-१ वेळेवर भरलेले असेल, तर विक्रीचे आकडे संकेतस्थळावर असतातच, आणि खरेदीवरील कर जीएसटीआर-२बी मध्ये दिसतो. कर सल्लागाराच्या कार्यालयात बसून २० तारीख सांभाळणे अशक्य नसते. त्रैमासिक विवरणपत्र भरणाऱ्या महाराष्ट्रातील पेढीस जीएसटीआर-३बी साठी तिमाहीनंतरच्या महिन्याची २२ तारीख असते. उशीर झाल्यास थकित करावर वार्षिक १८ टक्के व्याज आणि वर विलंब शुल्क लागते. पण तेवढ्याच्या भीतीने यंत्र घाईने कोणाच्याही हाती देऊन डिस्क पुसून घेणे, हा व्याज वाचवण्यासाठी मुद्दल बुडवण्याचा प्रकार होईल.

हिशेब जपणे ही केवळ सोयीची बाब नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. नियम ५७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींची योग्य प्रत ठेवणे आणि अपघात वा नैसर्गिक आपत्तीत त्या नोंदी नष्ट झाल्यास वाजवी काळात पुन्हा उभ्या करता येणे अपेक्षित आहे. ‘संगणक बंद पडला’ हे उत्तर तेथे पुरत नाही.

तीन प्रती, एक गावाबाहेर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात पुराचे पाणी दुकानांत शिरले. अशा पुरात संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील पेनड्राइव्ह एकाच वेळी भिजतात. भिजलेला संगणक ‘चालतो का पाहू’ म्हणून सुरू करणे हा त्याच्यावरचा शेवटचा घाव ठरू शकतो. डिस्क तशीच काढून माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी. पण त्याहून शहाणपणाचे म्हणजे अशी वेळच येऊ न देणे.

त्यासाठी जगभर मान्य झालेला नियम साधा आहे. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठ्यात किंवा दुसऱ्या गावातील नातेवाइकाच्या कपाटात, एवढी व्यवस्था छोट्यातल्या छोट्या पेढीसही जमते. बाहेरची डिस्क प्रत घेऊन झाल्यावर काढून ठेवावी. कायम जोडलेली राहिली, तर विजेचा झटका आणि संगणकातील विषाणू दोघेही तिच्यापर्यंत पोचतात. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे न मोजता तिजोरीत ठेवलेली रक्कम होय.

याखेरीज संगणकाच्या शेजारी एक जाड कागद चिकटवून ठेवावा. त्यावर यूपीएसची बॅटरी कधी बदलली, एसएमपीएस केव्हा बसवला, टॅलीच्या परवान्याचा क्रमांक, कारागिराचा फोन आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेस घेतली, एवढे लिहावे. पासवर्ड आणि बिटलॉकरचा क्रमांक मात्र तेथे नको. त्यांची जागा तिजोरी. तपासणीचा क्रमही त्याच कागदावर उतरवावा: भिंत, यूपीएस, तार, खटका, मॉनिटर, रॅम. शेठजी परगावी असले, तरी सूनबाई किंवा दुकानातील नवा मुलगा हा कागद पाहून पहिली पंधरा मिनिटे न गडबडता तपासणी करू शकेल.

उधारीची नोंद ही केवळ पेढीची मालमत्ता नसते. तीत गिऱ्हाइकाचा विश्वासही नोंदलेला असतो. नोंद गेली, तर बुडवणारा सुटतो. पण ज्याने प्रामाणिकपणे पैसे फेडले, त्याच्याकडेही पुन्हा विचारणा करण्याची पाळी येते आणि दोन पिढ्यांचा संबंध एका प्रश्नाने दुखावतो. नवा संगणक एका दिवसात बाजारातून आणता येतो. तो विश्वास मात्र विकत मिळत नाही. म्हणून हा मजकूर वाचून झाल्यावर, संगणक चालू आहे तोवरच, आजच्या तारखेची एक प्रत काढून ठेवावी.